गाव न सोडता वाद्यवृंदाची कारकीर्द घडते का? डॉक्टर फीलगुडच्या निमित्ताने एक प्रश्न

वैनगंगाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यात राहतो. आमचा चौघांचा संच आहे. मी गिटार वाजवतो, माझा मामेभाऊ बेस धरतो, एक मित्र ऑक्टोपॅड आणि ढोलकी सांभाळतो आणि जो गातो तोच अधूनमधून माउथ ऑर्गनही वाजवतो. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, भरू लागते आणि तेव्हापासून होळीपर्यंत आम्हाला बऱ्यापैकी कामे मिळतात. पुढे भीमजयंती आणि लग्नसराई असते. मृगाचा पाऊस पडला की चौघेही शेतात उतरतो आणि धानाची रोवणी आटोपेपर्यंत वाद्यांना हात लागत नाही. हे असे सात वर्षांपासून चालले आहे.

मागच्या उन्हाळ्यात मोबाइलवर डॉक्टर फीलगुड या इंग्लंडमधील जुन्या संचाचे कार्यक्रम पाहण्यात आले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीत. चारच माणसे, एकच गिटार, गाणाऱ्याच्या अंगात मळका पांढरा कोट, आणि गिटारवाला तर मंचावर असा सरकतो की जणू कोणी त्याला दोरीने पुढे-मागे ओढत आहे. हा संच लंडनचा नसून एका लहानशा बेटावरचा होता आणि तरीही त्यांची तबकडी देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचली, एवढे मला समजले आहे. त्यांच्या संगीताला 'पब रॉक' म्हणतात हेही वाचले. पण आमच्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी असल्याने पब ही जागा कशी असते आणि तिचा संगीताशी काय संबंध, याची मला कल्पना करता येत नाही.

हे विचारण्यामागे एक अडचण आहे. आमचा गाणारा मुलगा म्हणतो की पुण्याला गेल्याशिवाय आपले काही होणार नाही. गेल्या वर्षी त्याच्या आग्रहाखातर आम्ही हंगामाची सगळी शिल्लक घालून एका मोठ्या शहरातील ध्वनिमुद्रण केंद्रात दोन गाणी केली. तिथे प्रत्येकाला वेगवेगळे बसवून, कानात ठोक्याचा आवाज देऊन वाजवायला लावले. हाती आलेले गाणे अतिशय स्वच्छ होते, पण ज्या गावात त्याच गाण्यावर माणसे उठून नाचली होती त्याच गावात ते लावले तेव्हा एकाने विचारले, "हे तुम्हीच वाजवले का जी?" तेव्हापासून आमच्यात धुसफूस आहे. ज्यांना या संचाची वाटचाल नीट माहीत आहे त्यांनी ती सविस्तर सांगावी. बेटावर राहून त्यांना जे जमले ते कशामुळे जमले, हे मला समजून घ्यायचे आहे.

वरोरेकर यांचे उत्तर

वैनगंगाकाठ भाऊ, मी मूळचा वरोऱ्याचा असून नोकरीनिमित्त काही वर्षे इंग्लंडच्या आग्नेय भागात होतो, तेव्हा मुद्दाम कॅन्व्ही बेटावर जाऊन आलो. त्यामुळे आधी जागेविषयी सांगतो, कारण जागा समजल्याशिवाय हा संच समजत नाही.

कॅन्व्ही हे टेम्स नदीच्या मुखाशी, एसेक्स परगण्यात असलेले बेट आहे. त्याची जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. 1953 साली 31 जानेवारीच्या रात्री समुद्राचे पाणी बांध फोडून आत शिरले आणि बेटावर पन्नासहून अधिक माणसे दगावली. आज तिथे काँक्रीटची उंच भिंत आहे. गल्लीतून चालताना समुद्र अजिबात दिसत नाही. जिन्याने भिंतीवर चढावे तेव्हा एकदम समोर पाणी येते आणि मागे वळून पाहिले तर घरांची कौले आपल्या पायाच्या पातळीला असतात. एका बाजूला तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आणि जहाजे लागण्याचे धक्के आहेत. या संचाचा गिटारवादक विल्को जॉन्सन याच बेटावर 1947 साली जन्मला. त्याने न्यूकॅसलच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला, नंतर खुश्कीच्या मार्गाने आपल्या भारतात गोव्यापर्यंत येऊन गेला आणि परत जाऊन शाळेत इंग्रजी शिकवू लागला. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या 'डेल्टा' म्हणवल्या जाणाऱ्या सखल प्रदेशात ब्लूज हे संगीत जन्मले, तर आपल्या चिखलाच्या, तेलाच्या वासाच्या प्रदेशालाही 'टेम्सचा डेल्टा' म्हणायला काय हरकत आहे, असा त्याने विचार केला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपली जागा लपवण्याऐवजी त्याने तिला नाव दिले.

1971 मध्ये संच उभा राहिला. गाणारा आणि माउथ ऑर्गन वाजवणारा ली ब्रिलो, गिटारवर विल्को, बेसवर जॉन स्पार्क्स आणि ड्रमवर जॉन मार्टिन, ज्याला सगळे 'बिग फिगर' म्हणत. म्हणजे आपल्या संचासारखीच रचना.

आता पबविषयी. पब म्हणजे केवळ दारूचे दुकान नव्हे. मोहल्ल्यातील माणसांनी संध्याकाळी एकत्र बसण्याची ती जागा असते आणि अनेक पबांच्या मागच्या बाजूला एक खोली असते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील रॉक संगीत मोठमोठ्या सभागृहांत गेले होते. एकेक गाणे वीस-वीस मिनिटांचे, सामान ट्रकभर आणि वादक प्रेक्षकांपासून कितीतरी दूर. अशा वेळी 1971 मध्ये लंडनच्या केंटिश टाऊन भागातील टॅली हो नावाच्या पबमध्ये एग्ज ओव्हर ईझी हा अमेरिकी संच नियमित वाजवू लागला आणि तिथून ही चाल पसरत गेली. ब्रिन्स्ले श्वार्झ, डक्स डिलक्स, बीज मेक हनी असे बरेच संच त्या खोल्यांतून उभे राहिले. पबवाल्याला गिऱ्हाईक मिळे, संचाला दर आठवड्याला ठरलेली जागा मिळे आणि ऐकणाऱ्याला हात लांब केला तर गिटारला लागेल इतक्या जवळून संगीत मिळे.

डॉक्टर फीलगुड 1973 च्या सुमारास लंडनच्या या वर्तुळात आले, आणि इथे अंतर महत्त्वाचे आहे. कॅन्व्हीपासून लंडन सुमारे पन्नास किलोमीटर आहे. सामान एका गाडीत मावत होते. संध्याकाळी निघायचे, वाजवायचे आणि रात्री आपल्या बेटावर परतायचे. त्यांना गाव सोडावे लागले नाही, कारण दर आठवड्याला वाजवता येतील अशा जागा एका रात्रीत जाऊन-येऊन होतील इतक्या जवळ होत्या.

1974 मध्ये त्यांचा युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीशी करार झाला. पहिली तबकडी 'डाउन बाय द जेटी' 1975 च्या जानेवारीत आली. तेव्हा सगळीकडे स्टिरिओचा बोलबाला असताना ती मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेल्या, ध्वनीत काढली गेली आणि शक्य तितकी चौघांनी एकत्र वाजवून मुद्रित केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'मॅलप्रॅक्टिस' आली आणि ती ब्रिटनच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेली. पहिल्या क्रमांकावर जी गेली ती 1976 ची 'स्टुपिडिटी', आणि भाऊ, आपल्यासाठी महत्त्वाचे हे की ती ध्वनिमुद्रण केंद्रात केलेली नाही. 1975 मध्ये शेफिल्डच्या सिटी हॉलमध्ये आणि कॅन्व्हीजवळच्याच साउथएंड येथील कुर्साल या जागेत लोकांसमोर वाजवलेले जे मुद्रित झाले तेच त्यांनी बाहेर काढले. आपल्याला त्या केंद्रात जो अनुभव आला त्याचे उत्तर मला यात दिसते.

पुढचे दुःखाचे आहे. 1977 मध्ये 'स्नीकिंग सस्पिशन' चे काम चालू असताना, दुसऱ्या कोणाचे एक गाणे घ्यावे की नाही यावरून वाद विकोपाला गेला आणि विल्को संचातून बाहेर पडला. तो म्हणे मला काढले, बाकीचे म्हणत तो गेला. गाणे निमित्तमात्र होते. दौऱ्यांत तिघे खाली बैठकीत आणि विल्को एकटा आपल्या खोलीत गाणी लिहीत बसलेला, अशी फारकत आधीच झाली होती. त्याच्या जागी जिपी मेयो आला आणि 1979 मध्ये त्यांचे एक गाणे नवव्या क्रमांकापर्यंत गेले. 1982 मध्ये स्पार्क्स आणि मार्टिन यांनीही संच सोडला. ली ब्रिलो मात्र शेवटपर्यंत गात राहिला. कर्करोग झालेला असताना 1994 च्या जानेवारीत तो कॅन्व्हीवरच, संचाच्या नावाच्या जागेत, दोन रात्री गायला आणि एप्रिलमध्ये वयाच्या 41 व्या वर्षी गेला.

ऑर्गनवाले काका यांचे उत्तर

वरोरेकरांनी इतके चांगले लिहिले आहे की इंग्लंडविषयी मी काही बोलणार नाही. मी तीस वर्षे झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातील, नाटकांना ऑर्गनची साथ केली आहे, त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो.

बाळा, तुमचे लंडन म्हणजे पुणे नव्हे. तुमचे लंडन वडसा आहे. झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांची कार्यालये वडशाला आहेत, तारखा तिथे ठरतात आणि आरमोरीहून तुम्ही मोटरसायकलने जाऊन जेवायला घरी परत येऊ शकता. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून पुढे जो हंगाम चालतो, तो कोणी अनुदान देऊन उभा केलेला नाही. गावचे मंडळ नाटक ठरवते, तिकिटे विकते, आणि माणसे भावाबहिणींना, लेकीजावयांना बोलावून रात्रभर बसतात. वरोरेकरांनी पबच्या मागच्या खोलीचे जे वर्णन केले ते वाचताना मला आपला मांडवच आठवला. आमच्याकडे दारूऐवजी मंडई आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, ही निमित्ते आहेत, एवढाच फरक आहे.

निमित्त गेले की संगीतही अडचणीत येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पट बंद झाले. त्या निर्णयाच्या बाजूने किंवा विरुद्ध मला इथे काही म्हणायचे नाही. पण आमच्या बाजूच्या ज्या गावांत पटाच्या दिवशीच रात्री नाटक असे, तिथे पाहुणेच येईनासे झाले आणि काही मंडळांनी नाटक ठरवणे थांबवले. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यावर त्यांतली काही गावे परत सुरू झाली, काही झालीच नाहीत. म्हणून ज्या गावांत तुम्ही वाजवता, तिथली मंडळे टिकतील असे वागा. ठरलेल्या वेळेला पोहोचा, एखाद्या वर्षी पीक बुडाले तर बिदागीसाठी अडून बसू नका, आणि पुढच्या वर्षीची तारीख त्याच रात्री मागून घ्या.

दुसरी गोष्ट जवळून ऐकणाऱ्यांची. पहाटे तीनच्या सुमारास, दव पडून ऑर्गनच्या पट्ट्या ओलसर झालेल्या असतात, पुढच्या रांगेतील लेकरे आईच्या मांडीवर झोपलेली असतात आणि मागे शाली पांघरलेली म्हातारी माणसे जागी असतात. त्या वेळी तुम्ही लांबण लावली तर माणूस उठून चहाच्या टपरीकडे जातो आणि परत येत नाही. कुठे आवरायचे आणि कुठे चढवायचे, हे मला त्या उठून जाणाऱ्या माणसांनी शिकवले. पुण्यात हे शिकता येत नाही असे मी म्हणत नाही, पण तुम्हाला ते घरच्या अंगणात शिकायला मिळत आहे.

आर्वीकर यांचे उत्तर

काकांच्या अनुभवापुढे माझा अनुभव लहान आहे, तरीही एका मुद्द्यावर मला वेगळे वाटते. जवळच्या जागा असल्या म्हणजे कारकीर्द झाली, असे समजणे पुरेसे नाही. टेम्सच्या काठावर त्या काळी जुनी अमेरिकी गाणी वाजवणारे संच पुष्कळ होते. डॉक्टर फीलगुडही आरंभी तीच गाणी वाजवत. त्यांचे नावसुद्धा एका जुन्या अमेरिकी गाण्यावरून आलेले आहे. ते वेगळे ठरले याचे कारण विल्को स्वतः गाणी लिहू लागला आणि त्या गाण्यांत त्याचे बेट, तेलाच्या टाक्यांचा उजेड आणि तिथली माणसे आली. वैनगंगाकाठ भाऊ, आपण आपल्या प्रश्नात चौघे काय वाजवतात ते लिहिले, पण स्वतःची गाणी किती आहेत ते लिहिले नाही. माझा अंदाज आहे की बरीचशी गाणी चित्रपटांची असतील. ती लोकांना हवी असतात आणि वाजवावीच लागतात, पण केवळ त्यांच्यावर नाव उभे राहत नाही.

दारूबंदीविषयी आपण लिहिले म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण माझाही वर्धा जिल्हा गडचिरोलीच्या कितीतरी आधीपासून दारूबंदीचा आहे आणि चंद्रपुरात ती 2015 मध्ये लागू होऊन 2021 मध्ये उठली. ऑस्ट्रेलियात पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 पासून, अनेक राज्यांत पब संध्याकाळी सहालाच बंद करण्याचा कायदा होता. माणसे काम सुटल्यावर घाईघाईने पीत आणि घरी जात. संगीताला वेळच नव्हता. न्यू साउथ वेल्समध्ये तो 1955 ला, व्हिक्टोरियात 1966 ला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात 1967 ला उठला. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत माणसे थांबावीत म्हणून उपनगरांतील मोठाल्या पबांनी संच बोलावायला सुरुवात केली आणि ॲडलेडचा कोल्ड चिझल किंवा सिडनीचा मिडनाइट ऑइल असे संच त्या गर्दीपुढे वाजवूनच तयार झाले. तिथे घड्याळाचा कायदा बदलला तेव्हा संगीताला जागा झाली. आपल्याकडे ती जागा मंडईने आधीच दिलेली आहे, हे काकांचे म्हणणे मला मान्य आहे. मी एवढेच म्हणतो की त्या जागेत आपले स्वतःचे काही मांडा.

आणि गाणाऱ्या मुलाशी मोकळेपणाने बोला. वरोरेकरांनी 1977 विषयी लिहिलेले चौघांनी मिळून वाचावे. मतभेद एका गाण्यावरून झाले असे वरवर दिसते, पण तिघे एका खोलीत आणि चौथा दुसऱ्या खोलीत, असे होऊ लागले तेव्हाच काळजी घ्यायला हवी होती.

वैनगंगाकाठ

आपणा तिघांचा मी मनापासून आभारी आहे. काल रात्री ओसरीवर बसून सगळी उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. गाणारा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला की स्टुपिडिटीचे असे असेल तर येत्या मंडईत आपणही वाजवतानाच मुद्रण करून पाहू, मग पुण्याचे ठरवू. आर्वीकरांचा अंदाज बरोबर आहे. स्वतःची गाणी तीनच आहेत, त्यांपैकी एक रोवणीवर आहे आणि त्याला आमच्या गावात सर्वांत जास्त फर्माईश असते, हे मला लिहायला हवे होते.

विल्कोच्या हाताविषयीही सांगतो. तो गिटार वाजवताना तारा छेडायची पट्टी वापरत नाही, हे मी चित्रफीत थांबवून थांबवून पाहिले. उघड्या बोटांनी तारा झटकतो आणि डाव्या हाताने त्या लगेच दाबून गप्प करतो, त्यामुळे सुरावट आणि ठेका एकाच गिटारमधून निघतो आणि दुसऱ्या गिटारची उणीव भासत नाही. पंधरा दिवस तसे करताना माझ्या तर्जनीच्या नखाशेजारची कातडी सोलून निघाली, पण रोवणीच्या गाण्याला ती चाल बसली. रोप लावताना बायांचे हात चिखलात जसे एका लयीत पडतात, तसा तो झटका ऐकू येतो.

आता एकच विचारायचे आहे. आमच्याजवळ दोनच चांगले माइक आहेत आणि मंडईत जनरेटरचा आवाज असतो. मुद्रण कसे करावे?

वरोरेकर

दोन माइक पुरेसे आहेत, भाऊ. जनरेटर मंचाच्या मागे, जितकी वायर पुरेल तितका दूर, शक्य झाल्यास एखाद्या तणशीच्या ढिगाच्या किंवा भिंतीच्या आड ठेवायला सांगा. चौघांनी नेहमीपेक्षा जवळ उभे राहावे. एक माइक तुमच्यासमोर पाच-सहा हातांवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला उभा करा. त्यात चौघांचा मिळून आवाज यायला हवा. तो कमी-जास्त वाटला तर बटणे फिरवू नका. ज्याचा आवाज कमी येतो त्याने एक पाऊल पुढे यावे आणि ज्याचा जास्त येतो त्याने मागे व्हावे. दुसरा माइक मंचाच्या कडेला, लोकांकडे तोंड करून ठेवा. ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यांसमोर मात्र कोणताही माइक येऊ देऊ नका. गाणी सुरू होण्याआधी दहा मिनिटे नुसते मुद्रण करून कानाला हेडफोन लावून ऐका.

ऑर्गनवाले काका

दोन्ही माइकांवर पातळ सुती फडके बांधा, मध्यरात्रीनंतर दव पडते. आणि रोवणीचे गाणे पहिल्या तासात घेऊ नका. बाया घरची कामे आटोपून, लेकरांना जेवू घालून अकराच्या पुढे मांडवात येतात. ते गाणे त्यांचे आहे, त्या आल्यावरच सुरू करा, म्हणजे दुसऱ्या माइकात त्यांचाही आवाज येईल.